बोरूचे वळण आणि शिशाचा ठसा

१२ एप्रिल १९६० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याचा निकाल दिला. वाद होता दादरा व नगर हवेली या मुलखात जाण्यायेण्याच्या हक्काचा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले होते. दमणहून तेथे पोहोचावयाचे तर भारताच्या भूमीवरूनच जावे लागे, आणि ती वाट भारताने त्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात बंद केली होती. पोर्तुगालचे म्हणणे असे की, १७७९ च्या तहाने पेशव्यांनी हा मुलूख आपणांस सार्वभौम हक्काने दिला. म्हणून तेथे जाण्याचा हक्कही ओघानेच आला.

न्यायालयाने तहाचे निरनिराळे पाठ पाहिले, १७८३ व १७८५ या सालांच्या दोन सनदा पाहिल्या आणि त्यांतील शब्दांवर बोट ठेवले. पोर्तुगीजांना मिळाली ती सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाची जहागीर, म्हणजेच सरंजाम, राज्य नव्हे. मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असे तेव्हा मराठ्यांच्या तहांत तसे स्वच्छ शब्द येत, ते येथे नव्हते. त्या गावांत बंडाळी झाल्यास ती मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांना दिला होता, हे पोर्तुगालने आपल्या बाजूचे प्रमाण म्हणून मांडले. न्यायालयाने त्याचा अर्थ नेमका उलटा लावला. जो स्वतःच राजा, त्याला स्वतःच्या मुलखातले बंड मोडण्याची परवानगी दुसऱ्याने कशाला द्यावयाची? पुढे १८१८ नंतर इंग्रजांनी मुकाट्याने पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली म्हणून ती टिकली, असे न्यायालयाने ठरविले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना वाटेचा हक्क होता. शस्त्रे आणि सशस्त्र माणसे यांना नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा तो निकाल.

त्या न्यायालयाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. सरंजाम हा शब्द न्यायाधीशांच्या मेजावर भाषांतराच्या वाटेने पोहोचला. परंतु भाषांतराच्याही आधी एक पायरी असते व ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पेशव्यांच्या दफ्तराची लिपी मोडी. ती ज्याला वाचता येते त्याने प्रथम ती बालबोधात उतरवावी लागते. तेथे अक्षर ओळखण्यात चूक झाली तर पुढचे सारे विद्वान चुकीच्याच शब्दाचा कीस काढीत बसावयाचे.

हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबकळत ठेवीत जाई. शब्द कोठे संपला, वाक्य कोठे संपले, याची खूण नाही. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, उकार पहिला की दुसरा, हा भेद नाही. अनुस्वार बहुधा गाळलेला. बालबोधात ध आणि घ, भ आणि म यांतील फरक काही अंशी डोक्यावरची रेघ तुटते की नाही यावरून कळतो. मोडीत रेघ आधीच ओढून झालेली असल्याने ती तुटण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा अक्षराच्या पोटातील वळणावरच सारी भिस्त.

मोडीचे खरे रहस्य मात्र सुट्या अक्षरात नसून जोडात आहे. बालबोधात काना म्हणजे अक्षराशेजारी उभी केलेली काठी. मोडीत बोरू अक्षराच्या पायथ्याशी थांबत नाही. तो तेथूनच उजवीकडे वळतो आणि काना खालून वर नेऊन रेघेला भिडवितो. तेथून पुढच्या अक्षरात उतरावयास तो मोकळा होतो. त्यामुळे एकच व्यंजन एकटे असताना एका रूपात दिसते, काना लागताच दुसऱ्या रूपात, आणि र-काराशी गाठ पडली म्हणजे तिसऱ्याच. नवशिका मुळाक्षरांचा तक्ता तोंडपाठ करून कागदापुढे बसतो आणि पहिल्याच ओळीत अडतो. त्याने अक्षरे शिकलेली असतात, चाल शिकलेली नसते.

या चालीवरूनच जाणकार कागदाचा काळ सांगतात. शिवकालीन मोडी एका वळणाची, पेशवेकालीन दुसऱ्या. पेशवाईत अक्षर गोलसर, दाट आणि अंगचे डौलदार झाले. त्यातही चिटणिशी, महादेवपंती, रानडी अशी वळणांची नावे होती, जशी गायकांची घराणी असतात. इंग्रजी अमलात बोरू गेला आणि लोखंडी टाक आला. टाकाला दाब दिला तर तो रुततो, सोडला तर केसासारखी रेघ काढतो. मोडीची गोलाई त्याने मोडली. अक्षर विरळ, टोकदार आणि घाईचे दिसू लागले. एखादा कागद स्वतःला सन १७८३ चा म्हणवीत असेल आणि त्याचे वळण टाकाचे असेल, तर त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. खोट्या सनदा ही काही केवळ आजच्या काळाची करामत नव्हे. इनामे आणि वतने यांच्या पोटी त्या पूर्वीही पुष्कळ निपजल्या. म्हणून तर दफ्तरात लेखनाच्या अखेरीस लहान शिक्का उमटवीत व त्यावर ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असत, की त्यापुढे मागाहून कोणी ओळ घुसडू नये.

हाताचे हे वळण छापखान्याच्या खिळ्यात उतरविण्याचा यत्न फार लवकर झाला. याच प्रश्नाशी युरोप तीन शतके आधीच झुंजले होते. १५०१ मध्ये व्हेनिस येथे आल्डस मानुशियस याने व्हर्जिलचे काव्य एका नव्या टाईपात छापले. फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने तो टाईप इटालियन कचेऱ्यांतील चालत्या हस्ताक्षरावरून कोरला होता. इटालिक म्हणून जो तिरका टाईप आज सर्वत्र दिसतो त्याचा हा मूळपुरुष. १५५७ मध्ये लियाँ येथे रोबेर ग्रांजाँ याने फ्रेंच कारकुनी वळणाचा टाईप कोरला. मुलांना रीतभात शिकविणारी पुस्तके त्यात छापली गेल्यामुळे त्याला ‘सिव्हिलिते’ असे नाव पडले. ग्रांजाँची आकांक्षा मोठी होती. फ्रेंच भाषेचा तो स्वतःचा टाईप व्हावा, अशी. पण इटालिक जगले आणि सिव्हिलिते कौतुकाची वस्तू होऊन राहिले. कारण ग्रिफोने हस्ताक्षराचा कल घेतला आणि अक्षरे बहुतांशी सुटी ठेविली. ग्रांजाँने हस्ताक्षराच्या गाठी, शेपट्या, जोड, सारेच घेतले. जितके जोड तितके खिळे, आणि जितके खिळे तितका जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीस.

मराठीत हा उद्योग प्रथम मोठ्या प्रमाणावर केला तो बंगालमध्ये, सेरामपूरच्या विल्यम केरीने. तेथील छापखान्याला पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांच्यासारखे ठसे कोरणारे कारागीर लाभले होते. १८०५ च्या मराठी व्याकरणात केरीने देवनागरी खिळे वापरले; परंतु १८१० चा त्याचा मराठी कोश मोडी टाईपात निघाला. त्यामागचा हिशेब व्यवहारी होता. मराठी मुलखात पत्रे, हिशेब, करारमदार सारे मोडीत चालते. बालबोध ही पोथ्यांची लिपी. लोकांपर्यंत पोहोचावयाचे तर लोक लिहितात त्याच लिपीत छापावे. त्यानंतरही सेरामपूरहून काही मराठी पुस्तके मोडीत निघाली. आणि तरीही विसाएक वर्षांतच मराठी मुद्रणाने दुसरी वाट धरली. १८३१ मध्ये मुंबईत मोल्सवर्थचा कोश निघाला तो बालबोधात.

एखाद्याला वाटेल, यात साहेबाची आवडनिवड असेल. थोडीबहुत असेलही. पण शिशाचाही काही स्वभाव असतो. खिळा म्हणजे चौकोनी कांडी. तिच्या डोक्यावर एक अक्षर. शेजारच्या कांडीशी तिचा संबंध एवढाच की दोन्ही खेटून उभ्या राहतात. बालबोधाचेच खिळे शेकड्यांनी लागत. ती संख्या कमी व्हावी म्हणून पुढे लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही डोके खर्च केले. मोडीत तर प्रत्येक व्यंजनाचे कान्यासह रूप निराळे, र-काराशी निराळे. हे सारे कोरावे तर ग्रांजाँची गत. न कोरावे तर ती मोडीच राहत नाही. बोरूने एका दमात ओढलेली लांब रेघ खिळ्यांच्या डोक्यांवर तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागते, आणि खिळे झिजले की तुकड्यांमध्ये फटी दिसू लागतात. बालबोधात ती फट चालते, कारण तेथे रेघ अक्षराची असते. मोडीत ती ओळीची असते.

मोडीला खरा आसरा दिला तो शिळाछापाने. दगडावर लिहावयाचे म्हणजे लिहावयाचेच. तेथे कांड्या नाहीत, फटी नाहीत, जोडाला मज्जाव नाही. शाळांतील मोडीचे कित्ते व वाचनपाठ शिळाछापावर निघत ते यामुळेच. गंमत अशी की, बालबोधाची देखणी पुस्तकेही प्रथम दगडावरच निघाली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने मराठी खिळे सुधारले. त्याच छापखान्यात हात तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाईप फौंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांची कारागिरी त्यांना लाभली. निर्णयसागरचा टाईप पाहिला म्हणजे पोथी लिहिणाऱ्या शास्त्र्याचा ठाम, सावकाश हात आठवतो. तेही हस्ताक्षरच, पण उभे, सुटे, बैठे. शिशाला मानवणारे.

एवढ्यावरून कारकुनी लिपी छापखान्यात टिकूच शकत नाही, असा सिद्धान्त कोणी काढील तर त्याने सिल्वाशाच्या बाजारपेठेतून एक फेरी मारावी. तेथे एका पाटीवर देवनागरी, दुसरीवर गुजराती. दादरा व नगर हवेली हा प्रदेश गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सांध्यावरचा. वारली, कोकणा अशा जमातींच्या बोलींपासून गुजराती, मराठी, हिंदीपर्यंत सारे तेथे ऐकू येते. त्यातील गुजराती लिपी ही मुळात व्यापाऱ्यांची, हिशेबाच्या वह्यांची. गुजरातेतही ग्रंथ लिहावयाचे ते देवनागरीत. पेढीवरचे लिखाण मात्र या घाईच्या लिपीत. म्हणजे मोडीची ती सख्खी नव्हे तरी चुलत बहीण. ग, न, म, र ही तिची अक्षरे डोक्यावरची रेघ पुसलेल्या बालबोधासारखी. पण इ, ख, ज, झ, ब यांचे रूप निराळे, आणि क व फ नवख्या मराठी वाचकाला जुळ्या भावांसारखे भासतात. मोडीतीलही काही अक्षरे, विशेषतः ख आणि झ, बालबोधापेक्षा गुजरातीच्या अधिक जवळची आहेत.

या लिपीचे खिळे मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरीसच तयार झाले होते. फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थांनी १८१२ मध्ये छापखाना काढला, १८१४ मध्ये गुजराती पंचांग छापले आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केला. पेढीवरची लिपी छापखान्यात आली, वर्तमानपत्रात बसली आणि एका भाषेची मान्य लिपी झाली. व्यापारी लिपीची पूर्वी थट्टा होई. काना-मात्रा न देणाऱ्या महाजनीत ‘काका अजमेर गये’ असे लिहिले आणि वाचणाऱ्याने ‘काका आज मर गये’ असे वाचून घरात रडारड केली, ही गोष्ट उत्तरेकडे सर्वश्रुत आहे. छापखान्यात येताना गुजरातीने काना-मात्रा नीट घेतल्या आणि डोक्यावरची रेघ मात्र कायमची टाकली. रेघ गेली तेव्हा फटीचा प्रश्न गेला. अक्षरे सुटी होतीच. खिळ्याला याहून अधिक काय हवे? मोडीची अडचण अशी की, तिची रेघ काढली तर ती उघडी पडे आणि जोड सोडविले तर ती बालबोधाची वाईट नक्कल होई.

चालत्या हस्ताक्षराचे टाईप एकमेकांपासून ओळखावयाचे तर हीच कसोटी लावावी लागते. अनेक जण एखादे ठळक अक्षर घेऊन बसतात. याचा अ असा, त्याचा अ तसा. त्याने थोडेच साधते, कारण अ कोणीही कसाही काढू शकतो. आधी हत्यार पाहावे. बोरूचा कापलेला तिरपा तोंडवळा एका दिशेला जाड व दुसरीला बारीक रेघ काढतो. टाक दाबाप्रमाणे फुगतो. कुंचला शेवटी पसरतो किंवा निमुळता होतो. मग जोड पाहावेत: खरोखर एकमेकांत मिसळतात, की नुसते शेजारी येऊन मिसळल्याचा आव आणतात. आणि मग एकच अक्षर ओळीत दोनदा येते ते ठिकाण शोधावे. हाताने लिहिलेले दोन क कधीही तंतोतंत सारखे नसतात. दोन्ही हुबेहूब निघाले तर तो हात नव्हे, ठसा.

संगणकाच्या युगात ही पारख अधिकच उपयोगी पडू लागली आहे. देवनागरीत हाताच्या वळणाचे टाईप आता पुष्कळ आहेत. ‘कलम’ हा टाईप पहावा: तिरका, हलका, वहीत पेनाने लिहिल्यासारखा. ‘यात्रा’ पाहिला की मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवरील रंगाऱ्यांच्या पाट्या आठवतात. त्याचे मूळच तेथे आहे. दोन्ही हस्ताक्षराचे, परंतु एकाच्या मुळाशी पेन आणि दुसऱ्याच्या मुळाशी चपटा कुंचला, आणि एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची गल्लत होणे कठीण. मोडीच्या वळणांचा नव्याने शोध घेणारे अच्युत पालव यांच्यासारखे सुलेखनकार याच वाटेने गेले. जून २०१४ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतात मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि त्यानंतर ‘नोटो सॅन्स मोडी’ सारखे टाईप निघाले. जे शिशाला जमले नाही ते संगणकाला जमते: शेजारी कोण आहे हे पाहून अक्षर आपले रूप बदलू शकते. कान्याचा फास आता आपोआप पडतो.

तरीही हे टाईप एकाच ठराविक वळणाचे आहेत. त्यांत ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई अशी दोन निराळी अक्षरे आहेत, जी जुन्या कारकुनाने कधी निराळी मानली नाहीत. त्यांतील रेघा सरळ, जाडी सारखी. बोरू कोठे बुडविला, शाई कोठे संपत आली, हे त्यांत दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. पण कागदाची परीक्षा करणाऱ्याला तर तेच हवे असते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले, ते सारे बालबोध टाईपात. मराठ्यांच्या इतिहासावर ते उपकारच झाले. परंतु छापताना शब्द तोडावे लागले, ऱ्हस्व-दीर्घ ठरवावे लागले, अनुस्वार कोठे द्यावयाचा याचा निर्णय करावा लागला. प्रत्येक तोड हा एक अर्थ असतो. ज्याला शंका आली त्याने परत रुमाल सोडावा, हाच एक उपाय. आणि रुमाल सोडला तरी वाचता यावयास हवे. मोडी शाळांतून गेल्यापासून असे वाचणारे थोडे झाले.

सिल्वासा घेणाऱ्या स्वयंसेवकांत १९५४ साली संगीतकार सुधीर फडके होते आणि मोडी कागदांच्या शोधात आयुष्य घालविणारे ब. मो. पुरंदरेही होते. त्या मुलखाचे दान ज्या लिपीत लिहिले गेले, ती लिपी वाचता येणारा निदान एक माणूस त्या रात्रीच्या पावसात तेथे हजर होता. पुढे सहा वर्षांनी हेगला ज्या शब्दाचा कीस पडला तो सरंजाम हा शब्द आज संगणकाच्या मोडीत उमटविला तर स, र आणि त्यावर ठिपका, मग जा, मग म, असा नेटका उभा राहतो. पेशव्यांच्या कारकुनाने तो लिहिताना ठिपका बहुधा दिलाच नसता. ‘ज’च्या पायथ्याशी न थांबता बोरू उजवीकडे वळवून काना वर नेला असता, रेघेला टेकवला असता आणि तेथूनच ‘म’मध्ये उतरला असता.